धावपट्टीवाचून: सी हॅरिअरच्या गोष्टीची प्रस्तावना

16 डिसेंबर 1983 रोजी गोव्याच्या दाबोळी तळावर तीन सी हॅरिअर विमानं उतरली. इंग्लंडहून निघून माल्टा, इजिप्त, दुबई असे टप्पे घेत ती आली होती. बारा वर्षांपूर्वी याच तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली होती, आणि त्या युद्धात विमानवाहू नौका विक्रांतच्या डेकवरून उडालेली सी हॉक विमानं आता थकून गेली होती. त्यांची जागा घ्यायला हे नवं विमान आलं. जिच्या ताब्यात ते आलं त्या 300 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'चं नेतृत्व अरुण प्रकाश यांच्याकडे होतं. 1971 मध्ये ते हवाई दलात पाठवलेले नौदल अधिकारी होते, हंटर विमानातून लढले आणि वीरचक्राचे मानकरी ठरले. 2004 मध्ये ते नौदलप्रमुख झाले. 1983 च्या त्याच डिसेंबरात आपलं हॅरिअर पहिल्यांदा विक्रांतच्या डेकवर उतरलं, आणि तिथपासून 11 मे 2016 पर्यंत, बत्तीस वर्षांहून अधिक काळ, भारतीय नौदलाची डेकवरची लढाऊ ताकद या एकाच जातीच्या विमानावर उभी होती. 2013 नंतर मिग-29के सोबतीला आलं, पण ते शेवटी शेवटी.

या पुस्तकाचा विषय हे विमान आणि त्याच्या जातीची इतर जंप जेट विमानं. धावपट्टीवाचून उडणारी, उतरणारी आणि म्हणून मायदेशापासून हजारो किलोमीटर दूर नेता येणारी.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाने समुद्रावरच्या विमानाबद्दल का वाचावं, हा प्रश्न रास्त आहे. अकोल्याहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. आपल्याकडे फौजेत जाणारा पोरगा बहुतेक वेळा पायदळात किंवा राखीव पोलिसांत जातो, त्यामुळे घराघरात गोष्टी ऐकायला मिळतात त्या सियाचीनच्या, काश्मीरच्या. नौदल हा कोकणाचा विषय असं आपण धरून चालतो. पण धावपट्टी ही काय चीज असते, तिला किती जमीन लागते आणि ती जमीन मिळाली नाही तर काय होतं, हे वऱ्हाडाइतकं फार थोड्या भागांना ठाऊक असेल. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईसाठी प्रवासी विमान सुरू व्हायला 16 एप्रिल 2025 उजाडला. तिथली धावपट्टी 1,850 मीटर लांब. अकोल्याची शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली. ती लांबवायचं काम डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीच्या प्रश्नापाशी किती वर्षं घुटमळत राहिलं, ते अकोलेकरांना सांगायला नको. आता त्याच बेलोऱ्याच्या धावपट्टीवर आयएनएस विराट हे अख्खं विमानवाहू जहाज आडवं ठेवलं अशी कल्पना करा. टोकापासून टोकापर्यंत विराट सव्वादोनशे मीटरच्या आसपास. म्हणजे धावपट्टीचा जेमतेम आठवा भाग. तेवढ्या जागेत इंजिनघर, कोठारं, शेकडो माणसांची राहण्याची सोय, आणि वर डेकवर लढाऊ जेट विमानांचं उड्डाण. हे कसं शक्य झालं, हे समजून घेण्याची ओढ ज्याला लागेल त्याच्यासाठी ही पानं आहेत.

आणखी एक धागा अमरावतीचाच. डिसेंबर 2009 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील गोव्याच्या समुद्रात विराटवर गेल्या आणि त्यांनी डेकवरून सी हॅरिअरची उड्डाणं पाहिली. 1991 मध्ये त्या अमरावतीतूनच लोकसभेवर निवडून गेल्या होत्या आणि त्यांच्या सासरचं शेखावत घराणं अमरावतीचं. तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती या नात्याने अमरावतीची सून त्या जहाजावर उभी होती. त्याच्या महिनाभर आधी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई-30 मधून उड्डाणही केलं होतं. या दोन्ही घटना आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात जपून ठेवायच्या आहेत.

यंत्राची थोडी ओळख इथेच करून देतो. हॅरिअरच्या पोटात पेगासस नावाचं एकच इंजिन. मिशेल विबो या फ्रेंच अभियंत्याची मूळ कल्पना. ब्रिस्टल कंपनीत स्टॅन्ली हुकर आणि गॉर्डन लुईस यांनी तिला आकार दिला. या इंजिनाला चार तोंडं, दोन्ही बाजूंना दोन-दोन. पुढच्या दोन नोझलांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून जळालेला तप्त वायू. ही चारही नोझल एकाच वेळी फिरतात. आपल्याकडे कपाशीवर फवारणी करताना पंपाच्या दांडीचं तोंड खाली वळवलं की फवारा खाली जातो आणि हाताला वरचा रेटा जाणवतो. तत्त्व तेच, फक्त इथे रेटा साडेनऊ टनांच्या वरचा. नोझल मागे असली की विमान पुढे पळतं, खाली केली की हवेत तरंगतं. तरंगताना पंखांवरून वारा वाहत नसतो, त्यामुळे नेहमीचे सुकाणू निरुपयोगी ठरतात. म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांशी हवेचे छोटे झोत ठेवलेले असतात. वैमानिक त्यांच्या आधारे तोल सांभाळतो. हॉकर कंपनीचे चाचणी वैमानिक बिल बेडफर्ड यांनी 21 ऑक्टोबर 1960 रोजी या विमानाचा पूर्वज, पी.1127, पहिल्यांदा जमिनीपासून उचलला, तेव्हा तो दोरांनी बांधलेला होता. 1969 मध्ये हॅरिअर ब्रिटिश हवाई दलात दाखल झालं.

लोकांच्या मनात जंप जेट म्हणजे उभं उडणारं विमान. प्रत्यक्षात लढाईच्या तयारीत ते उभं उडतच नाही, आणि हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही. सी हॅरिअरचं कमाल वजन बारा टनांच्या जवळ जातं, इंजिनाचा जोर मात्र त्याहून दोन टनांनी कमी. पूर्ण इंधन आणि शस्त्रं भरून सरळ वर जायचं म्हटलं तर विमान जागचं हलणार नाही. म्हणून ते थोडं धावतं. पंखांना वारा मिळतो, ऐन वेळी नोझल खाली झुकतात आणि विमान डेक सोडतं. उतरताना इंधन जळून वजन कमी झालेलं असतं, तेव्हा ते जहाजाशेजारी हवेत थांबतं, आडवं सरकतं आणि उभं उतरतं. इतर वैमानिक आधी टेकतात आणि मग थांबतात, हॅरिअरचा वैमानिक आधी थांबतो आणि मग टेकतो. वादळी समुद्रात, डेक वरखाली होत असताना, हा फरक जीव वाचवणारा होता.

धावणंही कमी करता येईल, हे ओळखलं ब्रिटिश नौदलाच्या डग टेलर या अधिकाऱ्याने. डेकचं पुढचं टोक उताराच्या उलट, वर वळवलेलं केलं तर विमान समुद्राकडे सरळ जाण्याऐवजी हवेत फेकलं जातं, त्याला वेग घ्यायला आणखी काही सेकंद मिळतात आणि त्या सेकंदांच्या बळावर जास्त बॉम्ब, जास्त इंधन नेता येतं. स्की-जंप ती हीच. तिच्यात हलणारा एकही भाग नाही, वाफ नाही, वीज नाही. पोलादाचा एक बाक. माझ्या मते विसाव्या शतकातल्या नौदलांच्या बांधकामात इतक्या कमी खर्चाची आणि इतक्या मोठ्या फळाची दुसरी कल्पना नाही. विक्रांतवर हा बाक 1987 ते 89 च्या दुरुस्तीत बसवला गेला, पावणेदहा अंशांचा. विराटवर तो बारा अंशांचा होता. आज हॅरिअर गेलं तरी विक्रमादित्यवर आणि कोचीत बांधलेल्या नव्या विक्रांतवर चौदा अंशांचा बाक आहेच.

आता उन्हाबद्दल, कारण हा मुद्दा वऱ्हाडी वाचकाला कोणाही इंग्रजापेक्षा लवकर कळेल. नवतप्याच्या दिवसांत अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो. पंधरा अंशांच्या तुलनेत पंचेचाळीस अंशांना हवा साधारण एकदशांशाने विरळ होते. इंजिन श्वास घेतं ते हवेचा, त्यामुळे विरळ हवेत जोरही कमी मिळतो. पंखांवर उडणाऱ्या विमानाला यावर उपाय असतो, तो म्हणजे जास्त लांब धावपट्टी. तरंगणाऱ्या विमानाला तो नाही. त्याचं सगळं वजन निव्वळ इंजिनाच्या जोरावर तोललेलं असतं, त्यामुळे जोर दहा टक्के घटला तर वजनही तितकंच घटवावं लागतं. पेगाससमध्ये यासाठी पाण्याची टाकी असते. उतरताना इंजिनात पाणी फवारलं की आतलं तापमान आटोक्यात राहतं आणि इंजिनाला वरच्या वेगाने फिरवता येतं. पण ही सोय जेमतेम दीड मिनिटाची. तेवढ्यात उतरणं झालंच पाहिजे. उष्ण समुद्रात जायचं म्हणजे न वापरलेली महागडी क्षेपणास्त्रं परत आणता येतील की उतरण्यापूर्वी ती समुद्रात टाकून द्यावी लागतील, याचा हिशेब आधी मांडावा लागे. ब्रिटिश नौदलाने 2006 मध्ये आपली सी हॅरिअर निवृत्त केली, तेव्हा उष्ण हवामानातली ही अडचण हे एक कारण सांगितलं गेलं. उत्तर अटलांटिकच्या थंडीसाठी घडवलेलं विमान आपल्या नौदलाने दाबोळीच्या दमट उन्हात आणि अरबी समुद्रावर तीन दशकं वापरलं. मेच्या दुपारी तापलेल्या डेकवर इंजिनाशी झटणाऱ्या तंत्रज्ञांचं श्रेय मला वैमानिकांइतकंच मोठं वाटतं.

परदेशी तैनातीची गोष्ट म्हटली की 1982 चं फॉकलंड युद्ध येतंच, आणि ते यावंच. अर्जेंटिनाने बेटं घेतली तेव्हा ब्रिटनचा ताफा 5 एप्रिलला पोर्ट्समथहून निघाला. जवळपास 13,000 किलोमीटरचा पल्ला. वाटेत असेन्शन बेटाचा एकच आधार. बेटांवरची एकुलती एक खरी धावपट्टी शत्रूच्या ताब्यात. हर्मीस आणि इन्व्हिन्सिबल या दोन जहाजांवरची सी हॅरिअर हेच ताफ्याचं हवाई छत्र. युद्धात एकूण 28 सी हॅरिअर उतरली, त्यांनी अर्जेंटिनाची वीसच्या आसपास विमानं पाडली आणि हवाई झुंजीत स्वतःचं एकही गमावलं नाही. जी सहा गेली ती जमिनीवरच्या माऱ्याने आणि अपघातांनी.

या आकड्यांचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. मला वाचकाचं लक्ष दुसरीकडे न्यायचं आहे. अटलांटिक कन्व्हेयर नावाचं एक मालवाहू कंटेनर जहाज हॅरिअरची कुमक घेऊन दक्षिणेला गेलं. विमानं वेळेत उडून युद्धनौकांवर पोचली. पण 25 मे रोजी अर्जेंटिनाच्या एक्झोसेट क्षेपणास्त्रांनी ते जहाज पेटलं आणि त्यासोबत मोठी हेलिकॉप्टरं, तंबू आणि रसद समुद्रात गेली. परिणामी ब्रिटिश पायदळाला बेटाचा बराचसा पल्ला चालत कापावा लागला. सॅन कार्लोसच्या किनाऱ्यावर धातूच्या पट्ट्या अंथरून अडीचशे-तीनशे मीटरची तात्पुरती पट्टी केली, तेव्हा हॅरिअरला इंधन घ्यायला जहाजापर्यंत परतावं लागेना. विमानाने धावपट्टीची गरज कमी केली होती खरी. पण इंधन, पाणी, सुटे भाग आणि ते आणणाऱ्या जहाजांची गरज कणभरही कमी झाली नव्हती. उलट ती मायदेशापासून तेरा हजार किलोमीटर लांब ताणली गेली होती. या पुस्तकात पुढे बेलीझ येईल, जिथे ब्रिटिश हॅरिअर ग्वाटेमालाच्या धाकापायी 1993 पर्यंत ठाण मांडून होती. शीतयुद्धातली जर्मनी येईल, जिथे ती जंगलात लपवून रस्त्यांवरून उडवण्याचा सराव चाले. 1991 चं आखाती युद्ध येईल, कंदाहार येईल. प्रत्येक ठिकाणी वाचकाने हाच प्रश्न विचारावा अशी माझी विनंती आहे: या विमानाच्या मागे काय काय उभं होतं, आणि ते कुठून आलं?

सोव्हिएत अनुभव या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतो. त्यांचं याक-38 हे जंप जेट 1980 मध्ये अफगाणिस्तानात शिंदंद इथे आजमावलं गेलं. उंच प्रदेश आणि उष्ण हवा, यांपुढे त्याची ताकद इतकी घटली की नेण्याजोगा बॉम्बभार नगण्य उरला. उभं उचलण्यासाठी याकमध्ये वेगळी इंजिनं होती, जी पुढे उडताना निव्वळ ओझं ठरत. आणि इथे आपला संबंध थेट येतो. ही याक विमानं ज्या वर्गाच्या जहाजांवर असत, त्याच वर्गातलं बाकू हे जहाज पुढे अॅडमिरल गोर्शकोव्ह झालं, आणि 2013 मध्ये भारताकडे येऊन विक्रमादित्य झालं. म्हणजे विराट आणि विक्रमादित्य, दोन्ही आपल्याकडे येण्याआधी जंप जेटसाठी वापरलेली जहाजं. एक फॉकलंड गाजवून आलेलं, दुसरं त्या प्रयोगाचं अपयश पाहिलेलं.

हर्मीसच विराट झाली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. 1986 मध्ये खरेदी, 12 मे 1987 रोजी भारतीय नौदलात दाखल आणि ऑगस्टमध्ये मुंबई. फॉकलंडमध्ये लढलेल्या ब्रिटिश हॅरिअरच्या डेकवरून आता भारतीय हॅरिअर उडू लागली. या खरेदीमागचा विचार मात्र नीट समजून घ्यायला हवा. 1979 मध्ये भारताने सी हॅरिअरची पहिली मागणी नोंदवली, तेव्हा नौदलाला दूरच्या बेटांवर स्वारी करायची नव्हती. विक्रांत लहान जहाज होतं. सी हॉकनंतर आलेली नव्या काळातली वजनदार लढाऊ विमानं तिला पेलणारी नव्हती. 1972 मध्ये कंपनीने हॅरिअरचं प्रात्यक्षिक विक्रांतवर करून दाखवलं, तेव्हाच नौदलाच्या लक्षात आलं होतं की विक्रांतला लढाऊ जहाज म्हणून जिवंत ठेवायचं असेल तर दुसरा पर्याय नाही. हॅरिअर घेतलं ते डेकवरून विमान उडवण्याची विद्या देशात टिकावी म्हणून. ही विद्या एकदा गेली की परत कमवायला एक पिढी लागते. ज्यांनी 1979 मध्ये हा निर्णय घेतला त्यांनी देशाचं मोठं काम केलं, असं मी पूर्ण विचारांती म्हणतो. नव्या विक्रांतच्या डेकवर आज उतरणाऱ्या वैमानिकांची परंपरा त्या निर्णयामुळे अखंड राहिली.

भारतीय सी हॅरिअरने युद्धात शत्रूचं विमान पाडलं नाही. म्हणून काही लोक त्यांच्या सेवेकडे कमीपणाने पाहतात, ते मला पटत नाही. 1989 मध्ये श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात विराट ऑपरेशन ज्युपिटरमध्ये गुंतली. तिथे काम जास्त करून गढवाल रायफल्सचे जवान आणि हेलिकॉप्टरं यांचं होतं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रममध्ये ती महिनोन्महिने अरबी समुद्रात होती. सप्टेंबर 2007 च्या मलबार सरावात बंगालच्या उपसागरात अमेरिकेच्या निमित्झ आणि किटी हॉक यांच्याबरोबर, जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या जहाजांच्या साक्षीने ती उतरली. आपल्या हॅरिअरची रडारं आणि क्षेपणास्त्रं तोवर बदलायला घेतली होती. इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रामुळे हे जुनं विमान नजरेपलीकडच्या शत्रूलाही गाठू शकत होतं. सेवेतून निवृत्त होईपर्यंत विराटने भारतीय झेंड्याखाली सुमारे 2,250 दिवस समुद्रात काढले, 5,88,000 सागरी मैलांहून अधिक अंतर कापलं आणि तिच्यावरून विमानांनी 22,000 तासांहून अधिक उड्डाण केलं. शत्रूने गोळी झाडण्याआधी विचार करावा, यासाठी हे दिवस आणि हे तास खर्ची पडले.

त्याची किंमतही लिहिली पाहिजे. भारताकडे आलेल्या सुमारे 30 हॅरिअरपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली. अनेक तरुण वैमानिक गेले. हे विमान फार अवघड होतं. तरंगण्याच्या अवस्थेत चुकीला जागाच नव्हती. डोळ्यांपुढचे काटे, डावा हात नोझलच्या खटक्यावर आणि थ्रॉटलवर, उजवा दांडीवर, खाली हलणारा डेक, आणि पाण्याचं दीड मिनिट संपत आलेलं. शिवाय इतर देशांनी निवृत्त केलेल्या विमानाचे सुटे भाग मिळवण्याची वणवण. ब्रिटनची निवृत्त सी हॅरिअर विकत घेण्याचा प्रस्तावही 2006 च्या सुमारास आला आणि बारगळला. पुढच्या एका प्रकरणात या अपघातांचा विचार आहे. तो दोषारोप म्हणून वाचू नये. इतर देशांतही हॅरिअरचं अपघाताचं प्रमाण इतर विमानांपेक्षा जास्त राहिलं.

निवृत्तीनंतर या जहाजांचं काय झालं, याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. जुनी विक्रांत मुंबईच्या बंदरात 2012 पर्यंत संग्रहालय म्हणून होती. वऱ्हाडातून शाळांच्या सहली गेटवे पाहून तिच्यावर जात. 2014 मध्ये ती भंगारात निघाली. तिच्या पोलादाचा अंश घालून बजाजने 2016 मध्ये मोटरसायकल काढली आणि ती आपल्याकडेही रस्त्यांवर धावली. विराटच्या वेळी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2018 मध्ये 852 कोटींचा आराखडा मान्य केला होता, सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात तिचं संग्रहालय व्हायचं होतं. ते झालं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. 1944 मध्ये कणा घातलेलं, दोन देशांच्या झेंड्याखाली चाललेलं, छत्रपती शिवाजी महाराजांशी जोडलं जाणारं 'जलमेव यस्य, बलमेव तस्य' हे ब्रीद मिरवणारं जहाज या महाराष्ट्राला राखता आलं नाही. पैसा नव्हता हे कारण मी मानायला तयार नाही. जबाबदारी घेणारी एक यंत्रणा उभी राहिली नाही, हे खरं कारण आहे. हॅरिअर पाहायचं असेल तर ते गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. नागपूर-मडगाव गाडी बडनेऱ्यावरून आणि अकोल्यावरून जाते. मुलांना घेऊन जावं आणि नोझलला हात लावून पाहावा.

जंप जेटचा पुढचा अवतार एफ-35बी. यात पेगाससची चार तोंडं नाहीत. मागचं एकच नोझल खाली वळतं आणि वैमानिकाच्या पाठीमागे उभा पंखा असतो, तो इंजिनालाच जोडलेल्या दांड्याने फिरतो. हे विमान आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलं आणि त्यातल्या दोन भेटी या पुस्तकाच्या मुद्द्याला जोर देतात. ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटिश नौदलाची क्वीन एलिझाबेथ ही विमानवाहू नौका मुंबईला आली आणि कोकण किनाऱ्यासमोर 'कोकण शक्ती' हा सराव झाला. तिच्यावर ब्रिटिशांच्या आठ एफ-35बी होत्या आणि अमेरिकन मरीनच्या दहा. त्या दहा ज्या स्क्वाड्रनच्या होत्या, तीच 211 क्रमांकाची स्क्वाड्रन सप्टेंबर 2012 मध्ये हॅरिअर घेऊन अफगाणिस्तानात कॅम्प बॅस्टियनवर होती, जिथे रात्री घुसलेल्या तालिबानींनी तिची सहा हॅरिअर जमिनीवरच जाळली. धावपट्टीवाचून उडणारी विमानं कुंपणाआडच्या तळावर उभी असताना गेली.

दुसरी भेट अनपेक्षित. 14 जून 2025 रोजी प्रिन्स ऑफ वेल्स या ब्रिटिश जहाजावरचं एक एफ-35बी इंधन आणि हवामानाच्या अडचणीमुळे तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर उतरलं. मग हायड्रॉलिक बिघाड निघाला. जगातलं सर्वांत प्रगत जंप जेट पाच आठवड्यांहून अधिक काळ केरळच्या पावसात उभं राहिलं. त्याचं छायाचित्र घराघरांत गेलं. ब्रिटनहून मालवाहू विमानाने तंत्रज्ञ आणि सामान आलं, दुरुस्ती झाली आणि 22 जुलैला ते उडालं. त्याच प्रिन्स ऑफ वेल्सने पुढे ऑक्टोबरमध्ये नव्या विक्रांतबरोबर पश्चिम किनाऱ्यावर सराव केला.

या पुस्तकाच्या रचनेबद्दल एवढंच सांगतो की पहिली दोन प्रकरणं यंत्राची आहेत. ज्यांना यंत्राचं वावडं आहे त्यांनी ती सोडून तिसऱ्यापासून, म्हणजे फॉकलंडपासून सुरुवात केली तरी चालेल. भारतीय प्रकरणं सलग वाचावीत. परदेशी नावांचे उच्चार मराठी कानाला सोपे पडतील असे ठेवले आहेत.

शेवटची विनंती आपल्याच भागातल्या लोकांना. दाबोळीच्या हंसा तळावर, विक्रांतवर, विराटवर तंत्रज्ञ, खलाशी, स्वयंपाकी, अग्निशमन दलाचे जवान म्हणून नोकरी करून आलेले निवृत्त लोक वऱ्हाडातही असतील. कोणी अचलपुरात, कोणी मूर्तिजापुरात, कोणी बार्शीटाकळीला स्वतःचं घर बांधून राहत असेल. वैमानिकांच्या आठवणी इंग्रजीत आल्या आहेत. इंजिन बदलायला किती तास लागत, पाण्याची टाकी कशी भरत, उन्हात डेकवर पायांत काय घालत, सुटा भाग नसला की काय जुळवाजुळव करत, विमान परतलं नाही त्या रात्री मेसमध्ये काय होई, हे त्यांच्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही. त्यांनी ते मराठीत, वऱ्हाडीतच लिहिलं तर उत्तमच, लिहून काढावं किंवा नातवंडांकडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावं, आणि पुढच्या आवृत्तीसाठी प्रकाशकांकडे पाठवावं. त्या मजकुरासाठी वेगळं प्रकरण राखून ठेवण्याचं आम्ही ठरवलं आहे.